संगणक-जाळ्यातील किल्ल्या व त्यांची जबाबदारी

मुख्याध्यापकांची बदली झाली म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, दप्तर व जडसंग्रह नोंदवहीतील वस्तू मोजून नव्या मुख्याध्यापकांच्या हवाली कराव्या लागतात. दोघांच्या सह्या होतात आणि मगच चार्ज पुरा होतो. जुन्या मुख्याध्यापकांवर अविश्वास आहे म्हणून ही पद्धत पडलेली नाही. उद्या एखादी वस्तू हरवली, तर निरपराध माणसावर आळ येऊ नये हाच तिचा हेतू होय. संगणकांच्या जाळ्याचा कारभारही नेमक्या याच शिस्तीवर उभा असतो.

मोठ्या कचेरीत शेकडो संगणक एकमेकांस जोडलेले असतात. प्रत्येक संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव निरनिराळे नोंदविणे अशक्यप्राय असते. म्हणून सर्वांची एकच नोंदवही मध्यवर्ती संगणकावर ठेवतात. ही नोंदवही व तिच्या आज्ञेत चालणारे सर्व संगणक मिळून जो समूह होतो, त्यास 'डोमेन' म्हणतात. नोंदवही सांभाळणाऱ्या संगणकास 'डोमेन कंट्रोलर' असे नाव आहे. मायक्रोसॉफ्टने 2000 साली विंडोजमध्ये आणलेली 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' ही अशा व्यवस्थांपैकी सर्वपरिचित होय.

कर्मचाऱ्याने आपले नाव व पासवर्ड दिला की दोन प्रश्नांचा निर्णय होतो. हा मनुष्य कोण, हा पहिला. आणि त्याला कोणती दालने उघडावयाची, हा दुसरा. ओळख पटली म्हणजे सर्व दालने मोकळी झाली, असे नव्हे. अधिकार शक्यतो व्यक्तीला न देता गटाला देतात. हिशेबाची कागदपत्रे 'हिशेब' गटाला खुली असतात. कारकुनाची शाखा बदलली की त्याचे नाव एका गटातून काढून दुसऱ्यात घालावयाचे, एवढेच काम उरते.

या सर्वांवर व्यवस्थापकाचे, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते असते. त्यास नवी खाती उघडता येतात, कोणाचाही पासवर्ड बदलता येतो. 'डोमेन अ‍ॅडमिन्स' या गटातील सभासदास तर डोमेनमधील प्रत्येक संगणकावर आपोआप पूर्ण अधिकार मिळतो. ही सर्व कुलपांना लागणारी एकच किल्ली होय. ती घेऊन व्यवस्थापक एखाद्या साध्या संगणकावर कामास बसला, तर त्या किल्लीची खूण त्या संगणकाच्या स्मृतीत राहू शकते आणि तेथे दडलेल्या चोराच्या हाती लागू शकते.

हे भय काल्पनिक नाही. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत पसरला. विंडोजमधील एका उणिवेचा त्याने उपयोग केलाच. शिवाय संगणकांच्या स्मृतीतून नावे व पासवर्ड उचलून त्यांच्याच बळावर तो पुढील संगणकांत शिरत गेला. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली. तिच्या डोमेन कंट्रोलरांपैकी घाना देशातील एकच वाचला, तोही वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता म्हणून! त्यावरील नोंदवहीच्या आधारे पुढील उभारणी झाली. सुमारे 4,000 सर्व्हर व 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने सिद्ध करावे लागले आणि नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरांच्या घरात गेले. कोणा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे हे घडले नव्हते. प्रामाणिक माणसांना दिलेले अधिकारच आक्रमकाने वापरले.

जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 सालीच एक तत्त्व मांडले होते. प्रत्येकास त्याच्या कामापुरताच, किमान अधिकार असावा, हे ते तत्त्व. त्यातून पुढील नियम निघतात.

1. व्यवस्थापकाने दोन खाती ठेवावीत. पत्रव्यवहारादी रोजच्या कामास साधे खाते व व्यवस्थेच्या कामापुरते अधिकाराचे खाते वापरावे.
2. सर्वाधिकार असलेल्यांची संख्या अगदी थोडी ठेवावी व यादी ठरावीक काळाने तपासावी.
3. एक खाते अनेकांनी वापरू नये. तसे झाल्यास नोंदीत नाव दिसते, पण करणारा कोण हे कळत नाही.
4. प्रत्येक संगणकाच्या स्थानिक व्यवस्थापकाचा पासवर्ड वेगळा असावा. 2023 पासून विंडोजमध्येच त्याची सोय अंतर्भूत झाली आहे.
5. मनुष्य नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे.
6. मूळचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते पुसून टाकता येत नाही. म्हणून त्याचा पासवर्ड सीलबंद ठेवून केवळ आणीबाणीत वापरावा व त्याची नोंद करावी.

खेड्यातील शाळेत डोमेन नसेल. परंतु शाळेची माहिती ऑनलाइन भरण्यासाठी मिळालेला पासवर्ड असतोच. तो नोंदवहीच्या वेष्टनावर लिहिणे, घाईच्या वेळी बाहेरच्या माणसास सांगणे, किंवा बदलीनंतर तसाच चालू ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली दारातच टांगून जाणे होय. पुढे पटसंख्या चुकीची भरली गेली, तर नोंद शाळेच्याच नावावर निघेल आणि आपण ती केली नाही, हे सिद्ध करणे मुख्याध्यापकांना कठीण जाईल. यास्तव चार्ज देताना किल्ल्यांबरोबर पासवर्डचाही उल्लेख असावा आणि नव्या मुख्याध्यापकांनी तो त्याच दिवशी बदलावा. अधिकाराला मर्यादा घालण्यात कोणाचा अवमान नाही; विश्वासू माणसाचे त्यात रक्षणच आहे.