कोंबडीचा कान बरा होतो, लूमवाल्या अब्बांचा का नाही?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या अनेक घरांत एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. अब्बांना अजान ऐकू येते, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, पण शेजारी बसलेल्या नातवाचं बोलणं कळत नाही. साठ रुपये म्हटलं की आठ ऐकतात. मोठ्याने बोललं तर वर "ओरडतोस कशाला?" म्हणून चिडतात. घरातली मंडळी म्हणतात, सोयीचं तेवढंच ऐकू येतं त्यांना!

तसं नसतं. अब्बा खोटं बोलत नाहीत, की नाटकही करत नाहीत. हे समजण्यासाठी कानाच्या आत जावं लागेल.

पडद्याच्या पलीकडे, कवटीच्या हाडात, गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी आहे. उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब. तिच्यात चार रांगांत केसपेशी बसलेल्या असतात, एका कानात साधारण 15 हजार. या पेशींच्या डोक्यावर अतिशय बारीक केसांसारखे तुरे असतात. आवाजाने नळीतलं पाणी हललं की तुरे वाकतात, पेशीची दारं उघडतात आणि तिथून मज्जातंतूमार्फत मेंदूला निरोप जातो. निरोप धाडायचं काम मुख्यतः एकाच रांगेतल्या साडेतीन हजार पेशी करतात. बाकीच्या तीन रांगा स्वतः लांब-आखूड होत हळू आवाज वाढवून देतात. म्हणजे कानात अल्लाहने दिलेला ॲम्प्लिफायरच म्हणा.

नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, तीक्ष्ण आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी जाडा आवाज. गोंगाटाचा मार बहुधा आधी तोंडाकडच्या भागाला बसतो. 'स', 'श', 'फ' यांसारखी अक्षरं तिथेच ओळखली जातात. म्हणून आवाज पोहोचतो, पण शब्द फुटत नाही. साठचा आठ होतो तो असा. आणि आवाज वाढवणाऱ्या पेशी गेल्या की हळू बोललेलं ऐकू येत नाही, पण मोठं बोललेलं तितक्याच जोरात कानावर आदळतं. अब्बांची चिडचिड तिथून येते.

आता लूमचा हिशेब. चालू शेडमध्ये आवाज सहसा 90 डेसिबलच्या वर असतो. आपल्याकडच्या कारखाना नियमांत 90 डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला त्याहून कडक आहे: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने 94 डेसिबलला एक तास आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. आपल्या कारागिरांची पाळी 12 तासांची असते.

"जुम्म्याच्या सुट्टीत कान मोकळे होतात," असं कारागीर सांगतात. होतातही. पण 2009 साली बोस्टनमध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी तपासणीत कान पूर्ववत दिसले, केसपेशीही जागच्या जागी होत्या. मात्र काही भागात पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जवळपास निम्मे सांधे कायमचे तुटलेले आढळले. माणसाच्या कानातही असंच होत असेल तर सुट्टीचा तो मोकळेपणा फसवा आहे.

केसपेशी मेल्यावर काय? माणसात त्या आईच्या पोटातच तयार होतात, नंतर नव्या येत नाहीत. सगळ्या सस्तन प्राण्यांच्या ऐकण्याच्या कानाचं हेच आहे. कोंबडीचं मात्र वेगळं. 1988 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक जेफ्री कॉर्विन आणि डग्लस कोटांच यांचा, दुसरा ब्रेंडा रायल्स आणि एडविन रुबेल यांचा. मोठ्या आवाजाने पक्ष्यांच्या केसपेशी मारल्या, तर काही दिवसांतच तिथे नव्या उगवल्या! शेजारच्या आधारपेशींनीच ते काम केलं होतं. आधारपेशी आपल्याही कानात आहेत, पण आपल्या त्या काम करायला उठत नाहीत. त्यांना जागं कसं करायचं, यावर तेव्हापासून संशोधन चालू आहे. अमेरिकेतल्या 'फ्रिक्वेन्सी थेरप्युटिक्स' कंपनीचं कानात टोचायचं औषध त्यासाठीच होतं. 2023 मध्ये ते चाचणीत नापास झालं.

मग 2024 च्या 'लॅन्सेट'मधली ती बातमी, जन्मतः बहिऱ्या मुलांना ऐकू येऊ लागल्याची? ती खरी आहे. शांघायमध्ये सहा मुलांवर जीन थेरपी झाली, पाच जणांना फरक पडला. पण त्या मुलांच्या केसपेशी शाबूत होत्या. निरोप पुढे पाठवायला लागणारं ओटोफर्लिन नावाचं प्रथिन तेवढं बनत नव्हतं, कारण आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं होतं. नात्यातल्या लग्नात असे दोन बिघाड एकत्र येण्याची शक्यता वाढते. खानदानात जन्मतः बहिरं मूल असेल तर लग्नाआधी डॉक्टरांशी बोलायला लाजू नये, आणि बाळ जन्मल्यावर कानाची तपासणी लगेच करून घ्यावी. लूमने मेलेल्या पेशींवर मात्र या थेरपीचा उपयोग नाही.

काही औषधंही केसपेशी मारतात. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं त्यातलीच. टीबीवर वर्षानुवर्षं दिलेलं कॅनामायसिनही. जीव वाचवायला कधी ती घ्यावीच लागतात, स्वतःहून बंद करू नका. पण कानात शिट्टी वाजू लागली किंवा ऐकू कमी आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

कानात कोमट तेल टाकल्याने काही होत नाही, ते पडद्याच्या अलीकडेच राहतं. कापसाचे बोळेही कुचकामी, आवाज त्यातून आरपार जातो. फोमचे इअरप्लग नीट आत बसवले तर चांगला फरक पडतो, आणि त्यांची किंमत चहा-नाश्त्याएवढी. ते कारखानदाराने द्यायला हवेत. गोंगाटाने आलेला बहिरेपणा कामगार भरपाई कायद्याच्या आजारांच्या यादीत आहे, हे फार थोड्या कारागिरांना ठाऊक असतं. दावा करायचा तर कानाच्या तपासणीचा कागद हाताशी लागतो. म्हणून पोरगा लूमवर लागतानाच सरकारी रुग्णालयात एकदा ऑडिओमेट्री करून कागद जपून ठेवावा. नंतर दरवर्षी एकदा. तपासणी सुट्टीच्या दिवशी सकाळी करावी, पाळी संपवून थेट जाऊ नये, नाहीतर आकडे चुकीचे येतात.