गिअर ऑइल : आधी वरचा प्लग, मग खालचा

मागच्या भागात आपण इंजिन ऑइलबद्दल बोललो. आजचा विषय त्याच्या मागे, गाडीच्या पोटाखाली दडलेला आहे : पिकअपच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल. पिकअप चालवणाऱ्या दहा जणांना विचारा की इंजिन ऑइल कधी बदललं, तर दहाही जण तारीख सांगतील. गिअर ऑइल कधी बदललं असं विचारलं, तर बहुतेक जण एकमेकांकडे बघतील.

मी लष्कराच्या ईएमई कोअरमध्ये, म्हणजे वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर बडोद्यात स्थायिक झालो. नोकरीत शिकलेली एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी उभी राहते ती बहुतेक वेळा मोठ्या बिघाडामुळे नव्हे, तर कुणी बघितलंच नाही अशा लहान गोष्टीमुळे. ज्याच्या घरचा हप्ता आणि मुलांची फी त्या पिकअपवर चालते, त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दुरुस्तीचं बिल आणि वर आठवडाभर बुडालेला धंदा. त्यासमोर दोन-तीन लिटर ऑइलचा खर्च किरकोळ आहे.

हे ऑइल बदलायचं कशासाठी?

इंजिनाला ऑइल पंप असतो आणि फिल्टर असतो. पिकअपच्या साध्या गिअरबॉक्समध्ये बहुधा दोन्ही नसतात. खालचे गिअर ऑइलमध्ये बुडलेले असतात, फिरताना ते ऑइल वर उडवतात आणि त्या शिंतोड्यांवर बाकीचे गिअर आणि बेअरिंग भिजतात. गिअर झिजतात, तेव्हा त्यांचा बारीक चुरा जातो कुठे? कुठेच नाही. तो त्याच ऑइलमध्ये फिरत राहतो. तळाच्या प्लगला चुंबक असेल, तर लोखंडाचा थोडा चुरा तिथे चिकटतो. पितळेचा चुरा चुंबकालाही लागत नाही.

त्यात भर म्हणजे उष्णता. जास्त माल, घाट आणि सतत खालच्या गिअरमध्ये चालणं यांनी ऑइल तापतं, जुनं होतं आणि त्यातली रसायनं संपत जातात. गळती नसेल तर पातळी तशीच राहते, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. पण पातळी बरोबर असणं आणि ऑइल चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती किलोमीटरला बदलायचं, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बऱ्याच पुस्तिकांत दोन हिशेब असतात : एक साध्या वापराचा, दुसरा कठीण वापराचा. रोज माल, धूळ, घाट किंवा खराब रस्ता असेल, तर तुमचा वापर कठीणच आहे. मनाची समजूत घालून साध्या वापराचा आकडा धरू नका.

कुठलं ऑइल?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली जीएल-४ किंवा जीएल-५, दुसरी ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० असा आकडा.

दुकानदार म्हणतो, "साहेब, पाच नंबर घ्या, चारपेक्षा भारी." हे खरं नाही. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शिअलसाठी आहे. तिथले हायपॉइड गिअर एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत फिरतात, म्हणून त्या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोनायझरची कडी असतात आणि ती बऱ्याच गाड्यांत पितळेची असतात. गिअर बदलताना हे कडं समोरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग एक करतं. म्हणजे त्याला घर्षण लागतं. फार निसरडं ऑइल घातलं की त्याची पकड सुटते आणि गिअर करकरतो. शिवाय काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक तापल्यावर पितळेला खातं. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च. एखाद्या कंपनीने त्या गिअरबॉक्सला जीएल-५ किंवा आणखी वेगळं ऑइल सांगितलं असेल, तर ते. शेवटचा शब्द पुस्तिकेचा. दुकानदाराचा नाही, आणि माझाही नाही.

आता आकडा. डब्ल्यू म्हणजे थंडीचा हिशेब. ८५डब्ल्यू ऑइल उणे १२ अंश सेल्सिअसपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ७५डब्ल्यू उणे ४० पर्यंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. बडोदा, नागपूर, हैदराबादला हा फरक फारसा जाणवणार नाही. लडाखच्या हिवाळ्यात तो सकाळच्या पहिल्याच गिअरला जाणवतो. मागचा ९० हा गरम असतानाच्या दाटपणाचा आकडा. आणि हो, ९० बघून हे इंजिनाच्या ४० पेक्षा दुप्पट दाट असं समजू नका. गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे.

आधी निदान, मग पाना

गिअर अडतो म्हणून ऑइल बदलायला निघालात, तर दोन मिनिटं थांबा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात, पण चालू केल्यावर सगळेच अडतात आणि रिव्हर्स करकरतो, तर दोष बहुधा क्लच नीट न सुटण्याचा आहे. एकच गिअर, समजा तिसरा, करकरत असेल तर त्याचा सिंक्रोनायझर झिजला असण्याची शक्यता जास्त. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग तपासायला हवं. नवीन ऑइल झिजलेलं पितळ परत आणत नाही. ते पुढची झीज कमी करतं, एवढंच.

काम कसं करायचं?

सामान आधी जमवा. ऑइल पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर जास्त घ्या. लहान पिकअपला साधारण दीड ते तीन लिटर लागतं, पण नेमकं माप पुस्तिकेतून बघा. दोन्ही प्लगसाठी नवीन वॉशर, बरोबर मापाचा सॉकेट, टॉर्क पाना, पसरट भांडं, फडकी, हातमोजे, आणि ऑइल भरायला हातपंप किंवा नळी लावलेली बाटली.

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतं. सायलेन्सरचा पाइप मात्र त्याच वेळी तापलेला असतो, हात जपा.

गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. पिकअप उंच असते, बऱ्याचदा जॅक न लावताही काम होतं. उचलावीच लागली तर चारही बाजूंना सारखी उचला आणि जॅक-स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. यात सूट नाही.

आता प्लग ओळखा. सोडायचा प्लग तळाशी, भरायचा प्लग बाजूला मध्यावर. गिअरबॉक्सवर आणखीही बोल्ट असतात. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच असतो, काही बोल्टांमागे स्प्रिंग आणि गोळी असते. चुकीचा बोल्ट उघडला तर ती गोळी हरवेल आणि गिअर जागेवर बसायचा नाही. खात्री नसेल तर पाना लावू नका. दोन्ही प्लगभोवतीची माती आधी ब्रशने साफ करा, नाहीतर ती आत जाईल.

आणि आता आजच्या भागाचं नाव. आधी वरचा, भरायचा प्लग सैल करा. तो सुटला, तरच खालचा उघडा. कारण सरळ आहे. भरायचा प्लग वर्षानुवर्षं हललेला नसतो. तो गंजून अडकलेला असेल किंवा त्याची कडा घसरलेली असेल, आणि तुम्ही खालचं ऑइल आधीच सोडून दिलं असेल, तर गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेता येत नाही, ओढून न्यावी लागते. ट्रेनिंगमध्ये आम्ही जवानांना सांगायचो, आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा. तेच इथे.

वरचा सुटला की खालचा काढा. शेवटचे आटे हाताने फिरवा आणि प्लग पटकन बाजूला घ्या. ऑइल धारेचं थेंबांवर येईपर्यंत थांबा, घाई करू नका.

जुनं ऑइल वाचायला शिका

डॉक्टर रक्त तपासतो तसं हे. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. ऑइलमध्ये सोनेरी चमक असेल तर सिंक्रोनायझरचं पितळ झिजतं आहे. बोटाला टोचणारे लोखंडाचे कण, दाताचा तुकडा किंवा बेअरिंगची सुई सापडली, तर नवीन ऑइल भरून गाडी पुन्हा मालाला लावू नका, मिस्त्रीला दाखवा. गिअर ऑइलला मुळातच उग्र वास असतो, त्याला घाबरू नका.

ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी आहे. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक लहान ब्रीदर असतो. तापलेला गिअरबॉक्स अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाद्र्याहून भाजी आणणाऱ्या माझ्या एका शेजाऱ्यांनी इंजिन ऑइल लगेच बदललं आणि धंद्याला लागायला निघाले. मी म्हटलं, "भाऊ, गिअरबॉक्सचाही प्लग उघडून बघू या." ऑइल चहासारखं निघालं. दोनदा बदललं, तेव्हा स्वच्छ झालं. गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल दोन्ही उघडून बघा.

भरणं आणि बंद करणं

खालचा प्लग पुसून नवीन वॉशरसह लावा. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरले पाहिजेत. बऱ्याच गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं असतं. प्लग तिरका बसवून जोर लावलात तर आटे जातील. मग पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क पाना वापरा. काही प्लग निमुळत्या आट्यांचे असतात, त्यांना वॉशर नसतो. त्यांच्या आट्यांना पुस्तिकेत सांगितलेलं सीलंट लावायचं.

आता बाजूच्या भोकातून ऑइल भरा. वेगळी सूचना नसेल तर भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं आणि बारीक ओघळलं की बस. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. कमी भरलं तर वरची बेअरिंग कोरडी पडतात. "थोडं जास्त असू दे" म्हणून मागची बाजू उचलून जास्त भरलं, तर फेस होतो, सीलवर दाब येतो आणि पुढच्या सीलमधून ऑइल क्लचवर गेलं तर नवीनच खर्च.

वरचा प्लग नवीन वॉशरसह बसवा, सगळं कोरडं पुसा, थोडं फिरवून आणा आणि दोन्ही प्लग पाझरतात का ते बघा. दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या जागेवर डाग आहे का, तेही बघा. मग तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा प्रकार वहीत लिहा. सैन्यात प्रत्येक गाडीची अशी नोंद असते. ड्रायव्हर बदलतो, अधिकारी बदलतो, नोंद राहते. तुमची गाडी उद्या मुलगा चालवेल किंवा दुसरा कुणी विकत घेईल, त्यालाही ती उपयोगी पडेल.

एक शेवटचं. काढलेलं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात भरा आणि जुनं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या.

पुढच्या भागात याच गाडीखाली आणखी थोडं मागे सरकू, डिफरन्शिअलकडे. तिथेही पहिला नियम हाच : आधी भरायचा प्लग. गाडी जपा, आणि गाडीखाली जाताना स्वतःला जपा. जय हिंद.