पात्याला पैसा, दांड्याला वेळ

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. भिंत सहा किलोमीटरहून लांब, पण उपयुक्त साठा जेमतेम ८१ दलघमी. वरच्या अंगाला, परभणीच्या जिंतूर तालुक्यात, येलदरीचा उपयुक्त साठा ८१० दलघमी आहे. दोन्ही धरणं १९६८ सालची आणि दोघांची कामं वाटून दिलेली. पाणी साठवायचं येलदरीने, कालव्यात सोडायचं सिद्धेश्वरने. तिथून निघालेलं पाणी वसमतच्या शिवारात पोचलं आणि त्या पाण्यावर हळद पिकली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

हळद आणि कुऱ्हाड यांचा संबंध काय, असं वाचकाला वाटेल. संबंध चुलवणाचा आहे. हळद खणून काढली की शिजवावी लागते. कढईत पाणी उकळायचं, त्यात गड्डे टाकायचे, फेस येऊन हळदीचा उग्र वास सुटेपर्यंत पाऊण-एक तास जाळ द्यायचा आणि काडी गड्ड्यात सहज घुसते का ते पाहायचं. आता कढईच्या जागी वाफेचे ड्रम आले, पण त्या ड्रमांच्या बॉयलरखालीही बहुतेक ठिकाणी लाकूडच जळतं. पाच क्विंटल ओल्या हळदीतून वाळून साधारण एक क्विंटल हाती येते, म्हणजे शिजवायचा माल विकायच्या मालाच्या पाचपट. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात सरपणाला भाव येतो आणि कुऱ्हाडीला काम.

अलीकडे कुऱ्हाडीला दुसरं गिऱ्हाईक मिळालं आहे. जलाशयाच्या काठी, डोंगरात, शेतात तंबू ठोकून रात्र काढणारी शहरातली तरुण मंडळी. सह्याद्रीत हे कधीचंच सुरू झालं, आता मराठवाड्यातही दिसतं. ही मंडळी मोबाइलवर कुऱ्हाड शोधतात आणि दोन टोकांत अडकतात. एका टोकाला स्वीडनची ग्रॅन्सफोर्स ब्रूक. १९०२ पासूनचा हा कारखाना पात्यावर ते घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरं उमटवतो आणि एका कुऱ्हाडीचे हजारो रुपये घेतो. दुसऱ्या टोकाला रंगवलेलं, चकचकीत, पहिल्याच गाठीवर धार मुडपणारं स्वस्त पातं. या दोन टोकांच्या मधली कुऱ्हाड आठवडी बाजारात आणि रस्त्याकडेच्या पालावर मिळते. ती निवडायची कशी, याचा हा शोध.

नेढ्याची गोष्ट

कुऱ्हाडीचे भाग दोन, अडचण एकच: पातं दांड्यावर टिकवायचं कसं? नागपूरजवळच्या माहुरझरी, नायकुंड, जुनापाणी या ठिकाणी महापाषाणयुगीन वस्त्या आणि शिळावर्तुळं सापडली. शां. भा. देव यांनी माहुरझरी आणि नायकुंडला केलेल्या उत्खननांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. त्या कुऱ्हाडी सपाट आहेत, त्यांना नेढं, म्हणजे दांड्यासाठीचं भोक, नाही. दांड्याला जखडण्यासाठी लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेलेल्या आहेत. विदर्भातल्या कुऱ्हाडींची हीच ओळख पुरातत्त्वाच्या पुस्तकांत नोंदली आहे.

पुढे पात्यालाच नेढं पाडून त्यातून दांडा घालायची रीत रुळली. आजही कुऱ्हाड घेताना आधी नेढं पाहावं, धार नंतर. स्वस्त कुऱ्हाडीत लबाडी असते ती इथेच. लोखंडी पाइपाचा तुकडा पात्याच्या मागे वेल्डिंगने चिकटवलेला असतो आणि वरून रंगाचा हात मारलेला. रंगाखाली सांध्याची जाड, सुरकुतलेली रेघ दिसली तर ती कुऱ्हाड खाली ठेवावी. हजार घाव बसले की ताण त्याच रेघेवर येतो. चांगल्या पात्यात नेढं एकतर अखंड लोखंडात तापवून सुंबी ठोकून पाडलेलं असतं, नाहीतर पट्टी वाकवून, दोन्ही थर तापवून एकजीव केलेले असतात. नेढं आतून गुळगुळीत आणि सरळ हवं. एका बाजूला कललेल्या नेढ्यात कितीही चांगला दांडा घातला तरी घाव तिरकाच पडतो.

पालावरची भट्टी

मराठवाड्यात कुऱ्हाड घडवणारे दोन हात. एक गावातला लोहार, बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुत्याच्या व्यवहाराचं बारकाईने वर्णन आहे. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याचा, मेहनत लोहाराची आणि मोबदला सुगीच्या धान्यात. त्या व्यवहारात कुऱ्हाडीची किंमत रोकड्यात कोणी काढतच नव्हतं. दुसरा हात घिसाड्यांचा. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी आणि गाडी लोहार यांची नोंद आहे. आपलं मूळ ते चितोडकडे सांगतात. त्यांची घरची बोली गुजरातीच्या कुळातली, ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात ती ‘तारीमुकी’ या नावाने आली आहे.

घिसाड्याचं काम पाहायला रस्त्याकडेला थांबावं. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, बाजूला हाताने फिरवायचा पंख्याचा भाता. पुरुष सांडशीत लालबुंद तुकडा धरून ऐरणीवर फिरवतो आणि लहान हातोडीने ठोका देऊन घाव कुठे हवा ते दाखवतो. त्याच जागी घण उचलते ती बाई. पाच-सहा किलोचा घण, कधी समोरासमोर उभ्या दोघींचा. एकीचा वर गेला की दुसरीचा खाली आणि ताल चुकत नाही. लोखंडाचा रंग लालावरून काळसर झाला की थांबायचं, पुन्हा भट्टीत. थंड लोखंडावर घण मारला तर बारीक चीर पडते आणि ती पुढे धारेत निघते.

इथला कच्चा माल म्हणजे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. याच पाट्यात स्वस्त कुऱ्हाडीचं सगळं मर्म आहे. साध्या मऊ लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. ते कितीही तापवून पाण्यात बुडवा, कडक होत नाही. कमानपाट्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, म्हणून त्याला पाणी देता येतं. पातं तापवत न्यायचं. चुंबक चिकटेनासं होतं ते ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याच्या थोडं वर गेलं की तेलात किंवा पाण्यात बुडवायचं. आता धार काचेसारखी कडक पण ठिसूळ झालेली असते. म्हणून ती पुन्हा हलकी तापवतात. घासून उजळ केलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा असे रंग धावत येतात. कुऱ्हाडीला तपकिरी-जांभळ्याच्या मधे थांबवायचं. हा टप्पा अडीचशे ते तीनशे अंशांचा आहे. घिसाड्याकडे तापमापक नाही, डोळा आहे.

तेव्हा पालावर गेल्यावर भाव करण्याआधी एक प्रश्न विचारावा: “पाटा हाय का साधं लोखंड?” आणि जमल्यास कमानपाट्याचा तुकडा भंगारवाल्याकडून आपणच वजनावर घेऊन द्यावा. बलुत्याची जुनी रीत हीच होती. लोखंड गिऱ्हाइकाचं असलं की फसवणुकीचा प्रश्न उरत नाही.

पातं पारखायचं कसं

तयार पातं घेताना तीन कसोट्या पुरतात. पहिली कानशीची. धारेवर कानस हलकेच ओढावी. खसकन खोल रुतली तर पातं मऊ आहे. काचेवरून घसरावी तशी नुसती घसरली तर फार कडक, दगडावर बसली की कपची उडणार. थोडं धरत, थोडं सरकत गेली तर ठीक. दुसरी कसोटी आवाजाची. नेढ्यात दोरी ओवून पातं लोंबतं धरावं आणि हातोडीने टिचकी मारावी. खणखणीत, लांबत जाणारा नाद आला तर पातं अखंड आहे, बोदा आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. तिसरी ठिणग्यांची. धार लावणाऱ्याच्या चाकावर पात्याचा मागचा कोपरा टेकवून बघावा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बन असलेल्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटून त्यांना फुलं येतात. दिवाळीतली फुलबाजी फुलते तीही तिच्यातल्या पोलादाच्या किसामुळेच.

रंगाला भुलू नये. काळं, घणाचे वण दिसणारं पातं रंगवलेल्या पात्यापेक्षा प्रामाणिक असतं, निदान ते काही लपवत नाही.

वजन आणि लांबी

बाजारात लोक जड कुऱ्हाड हातात तोलतात आणि “दमदार आहे” म्हणून घेतात. घावाचं गणित वेगळं आहे. पात्याचं वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. जड पातं चौथ्या घावाला मंदावतं, हलकं पातं तासभर चालतं. मुक्कामाला नेण्यासाठी पाऊण किलोच्या आसपासचं पातं आणि हातभर, म्हणजे ४५ ते ६० सेंटिमीटरचा दांडा पुरे. हळदीच्या चुलवणासाठी ओंडके फोडायचे असतील तर दीड-दोन किलोचं, गाल फुगलेलं, पाचरीसारखं पातं आणि कमरेइतका दांडा हवा. तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं, ते लाकडात रुततं. फोडायच्या कुऱ्हाडीचं जाड असतं, ते लाकूड दोन्हीकडे सारतं. एकाने दोन्ही कामं करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

आखूड दांड्याबद्दल एक सावधगिरी. लहान म्हणून ती कुऱ्हाड निरुपद्रवी वाटते, पण धोका तिच्यातच जास्त. लांब दांड्याचा घाव चुकला तर पातं जमिनीत जातं. आखूड दांड्याचा चुकला तर नडगीत. पायावर कुऱ्हाड मारून घेणं हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा होतो. आखूड कुऱ्हाड गुडघे टेकून, समोर ठोकळा ठेवूनच चालवावी.

दांडा

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण दांडा कुठल्या गोतातला हवा हे फार जणांना ठाऊक नसतं. धावड्याचं लाकूड चिवट आणि लवचिक, गाडीचे आस आणि औजारांचे दांडे यांच्यासाठी नावाजलेलं. धावडा मिळाला नाही तर बाभूळ, मात्र गाभ्याची. बाभळीचा बाहेरचा पांढरा भाग भुंगा पोखरतो, आतला तांबूस गाभा टिकतो. म्हणून जुने शेतकरी बाभळीचं लाकूड काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवत. त्यात लाकडातलं पिष्ट निघून जातं आणि भुंग्याचं खाद्य संपतं. दुकानातले पॉलिश केलेले दांडे बहुधा कुठल्याही मऊ लाकडाचे असतात, ते घेऊच नयेत.

लाकडाच्या रेषा दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच बाहेर निघालेली रेषा म्हणजे दांडा तिथेच मोडणार. गाठ तर अजिबात नको. काठी तोडली की सावलीत तीन-चार महिने वाळू द्यावी. मग तासून, काचेच्या तुकड्याने खरवडून, जवसाचं तेल पाजावं. नेढ्यात बसणारं टोक करवतीने मधोमध चिरावं, दांडा खालून ठोकत घट्ट बसवावा आणि चिरेत सुक्या लाकडाची पाचर मारावी. उन्हाळ्यात लाकूड आकसलं आणि पातं हलू लागलं की बरेच जण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. त्या रात्रीपुरतं लाकूड फुगतं, पण फुगताना नेढ्यात चेपून त्याचे तंतू मरतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा सैल होतो. पाणी नको, नवी पाचर मारावी.

काय तोडायचं, काय नाही

सिद्धेश्वरच्या आसपास जळणाला सर्वांत सोपी आहे वेडी बाभूळ. एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेलं हे मूळचं अमेरिकेतलं झाड आता पडीक जमिनीवर आपणहून माजतं. जळतं छान आणि तोडलं तरी पुन्हा फुटतं. साग, चंदन, खैर, मोह, आंबा, चिंच यांसारख्या झाडांना मात्र महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. झाड आपल्या बांधावरचं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आरक्षित जंगलात झाड तोडणं आणि आग पेटवणं, दोन्ही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली गुन्हे आहेत. म्हणून मुक्कामाला जाणाऱ्याने शेतमालकाला विचारून, पडलेलं, वाळलेलं लाकूडच घ्यावं. त्यात स्वार्थही आहे. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी खर्च होतात. ओलं लाकूड जाळणारा आधी पाणी उकळतो, मग चहा.

२०११ च्या जनगणनेत देशातली ४९ टक्के कुटुंबं लाकडावर स्वयंपाक करत होती. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गावोगाव सिलिंडर पोचवले, तरी आंघोळीचं पाणी, हळद, लग्नाचा स्वयंपाक यांसाठी सरपण लागतंच. ते गोळा करणाऱ्या बहुतेक बायकाच आणि त्यांच्या हातात दिली जाते ती घरातली सगळ्यात बोथट, सैल दांड्याची कुऱ्हाड. घरातली हलकी, नीट शेवटलेली, म्हणजे धार काढलेली, कुऱ्हाड त्यांच्याकडे आधी जायला हवी. जड जुनी ओंडके फोडायला पुरुषांनी ठेवावी.

निवाडा असा. हजारांची आयात कुऱ्हाड लागत नाही आणि रंगवलेली स्वस्त परवडत नाही. कमानपाट्याचं पातं घिसाड्याकडून घडवून घ्या आणि त्याच्या भावात घासाघीस करू नका, कारण तुमचे सगळे पैसे त्या पोलादात आणि त्या घणाच्या मेहनतीत जातात. दांडा विकत घेऊ नका, स्वतः निवडा, वाळवा, बसवा. वर्षातून एकदा पातं शेवटून घ्या. खंडेनवमीला पूजेत मांडायच्या आदल्या आठवड्यात घेतलंत तर पूजा धारदार कुऱ्हाडीची होईल.