वाळीत टाकलेला टॉवर

वाचकहो, मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोबाइलच्या यंत्रविद्येवर लेख लिहावा, हे सुताराने सोन्याची नथ घडवायला बसण्यासारखे आहे, असे कुणी म्हटले तर मी ते नाकारणार नाही. व्याकरणाच्या पलीकडचे नियम मला कधी फारसे कळले नाहीत. परंतु २०१९ सालच्या मार्गशीर्षातील एका रात्रीने मला हा विषय शिकायला लावला. त्या शिक्षणाची फी माझ्या काकींनी भरली. म्हणून ते चार लोकांपर्यंत पोचवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे पिंगुळी गाव कुडाळच्या शेजारी, मुंबई-गोवा महामार्गावर. ठाकर मंडळींची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या यांमुळे गावाचे नाव दूरवर गेले आहे. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तर ते दिल्लीपर्यंत पोचले. पण मी सांगतो ती रात्र त्याआधीची. शेजारच्या गावी जत्रा होती, आणि दशावतारी नाटक म्हटले की आमच्याकडे घरात कोण उरतो? वाडीच्या वाडी कुलपे लावून जत्रेला गेली होती. मी मात्र उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन जागत होतो.

रात्री साडेबाराच्या सुमारास दारावर थापा पडल्या. उघडून पाहतो तो माझे थोरले चुलतभाऊ. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. नोकरी मुंबईला, बिऱ्हाड डोंबिवलीला. आईला भेटायला चार दिवसांच्या रजेवर आलेले. पाय चिखलाने माखलेले, धाप लागलेली. "आवशीचा तोंड वाकडा झाला! बेगीन चल!" एवढेच शब्द त्यांच्या तोंडून फुटले.

काकींचे घर व्हाळापलीकडे, माडांच्या बागेत. तिथून माझ्याकडे काळोखातून मळ्यांच्या मेरांवरून यायचे म्हणजे पाऊण तास. मी गाडी काढली. वाटेत विचारले, "दादा, फोन कित्याक नाय केलंस?" त्यांनी खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर अक्षरे होती, 'फक्त आपत्कालीन कॉल'. दादा म्हणाले, "रेंजच नाय, तर फोन काय कपाळ करतलंय?"

काकींना आम्ही इस्पितळात नेले. त्या वाचल्या. मेंदूचा आघात होता. अशा दुखण्यात रक्तवाहिनीत अडकलेली गाठ विरघळविण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. घरात वाट पाहण्यात, फोनशी झटण्यात आणि मग चालण्यात आमचा किती वेळ गेला, याचा हिशेब दादांनी नंतर कितीदा केला असेल, देव जाणे. काकींचा उजवा हात तेव्हापासून जड आहे. चहाची कपबशी त्या डाव्या हाताने उचलतात.

पुढच्या आठवड्यात मी दादांचा फोन घेऊन कुडाळच्या बाजारात एका दुकानात गेलो. मोबाइल दुरुस्त करणारा तो मुलगा कधीकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. त्याने फोन उघडलाही नाही. पडद्यावर दोनचार ठिकाणी बोटे फिरविली आणि म्हणाला, "सर, टॉवर आसा. ह्या सिमानच तेका वाळीत टाकल्यान हा."

मी चमकलो. वर्गात ज्याच्याकडून अलंकाराचे एक उदाहरण मला कधी वदवून घेता आले नाही, त्याने एका वाक्यात असे रूपक योजावे की ज्यात सारे शास्त्र सामावले! त्यानंतर मी जे काही वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते त्या एका वाक्याचेच भाष्य आहे.

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की टॉवर जवळ असला म्हणजे रेंज येते आणि दूर असला म्हणजे जाते. दिव्याजवळ उजेड, लांब काळोख, तसेच काहीतरी. ही समजूत अर्धीच खरी आहे. टॉवरची लहर फोनपर्यंत पोचणे ही पहिली पायरी. त्या टॉवरकडे जायचे की नाही हे ठरविणे ही दुसरी. ही दुसरी पायरी सिमकार्डावरच्या याद्यांवर अवलंबून असते. कळसूत्री बाहुलीचे नाचणे दिसते, सूत्र दिसत नाही. तशीच पडद्यावरच्या त्या उभ्या रेघांची गोष्ट आहे.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात मानकऱ्यांची एक क्रमवारी असते. पहिला मान कुणाचा, दुसरा कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. सिमकार्डावरही अशीच मानकऱ्यांची यादी असते. फोन सुरू झाला की आधी ज्या जाळ्यावर तो शेवटी होता ते शोधतो. ते नसेल तर पहिला मान घरच्या कंपनीचा. मग ग्राहकाने स्वतः काही निवड नोंदविली असेल तर तिचा, त्यानंतर घरच्या कंपनीने पसंत केलेल्या पाहुण्या कंपन्यांचा, आणि सर्वांत शेवटी उरलेल्यांचा. पाहुण्याकडे उतरलेला फोन तिथेच निवांत बसत नाही. घरचे जाळे आले का, हे तो अधूनमधून डोकावून पाहतो. दर किती वेळाने पाहायचे, तेही सिमकार्डच सांगते: कमीत कमी सहा मिनिटांनी, जास्तीत जास्त आठ तासांनी, काहीच सांगितलेले नसेल तर तासातासाने.

कंपन्यांची नावे फोनला कळत नाहीत. त्याला कळतात आकडे. भारताला मिळालेल्या आकड्यांत ४०४ आणि ४०५ हे आहेत, आणि त्यापुढचे आकडे कंपनी व तिचे क्षेत्र सांगतात. भारत संचार निगमचे महाराष्ट्रातील जाळे ४०४ ६६. एअरटेलचे मुंबईचे जाळे ४०४ ९२ आणि महाराष्ट्राचे ४०४ ९०. एकाच कंपनीची ही दोन बिऱ्हाडे! याचे कारण असे, की दूरसंचार खात्याने देशाचे जे परवानाक्षेत्रांत विभाजन केले, त्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण येथील टेलिफोन केंद्रांच्या हद्दीचे एक स्वतंत्र क्षेत्र धरले, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या क्षेत्रात घातला. गंमत पाहा. पिंगुळीचा माणूस बांदा ओलांडून पत्रादेवीला गोव्यात शिरला, तरी फोनच्या लेखी तो घरातच असतो. उलट डोंबिवलीचा चाकरमानी स्वतःच्या जन्मगावी, आईच्या ओटीवर येऊन बसला, तरी त्याचा फोन परगावी आलेला असतो. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा वेगळा, नातेसंबंधांचा वेगळा आणि फोनचा तिसराच.

पूर्वी हे परगावीपण खिशाला कळत असे, कारण आलेल्या फोनचेही पैसे पडत. १५ जून २०१५ पासून भारत संचार निगमने बाहेरगावी येणारे फोन मोफत केले. पुढे इतर कंपन्यांच्या योजनांतूनही हा आकार नाहीसा होत गेला. पैसे गेले, म्हणून लोकांनी समजून घेतले की रोमिंगच गेले. वास्तविक गेला तो फक्त आकार. परक्या जाळ्यावर उतरण्याचा व्यवहार, त्याचे करार आणि त्याच्या याद्या जागच्या जागी आहेत. खिसा दुखत नाही, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही, इतकेच.

आता वाळीत टाकण्याविषयी. मानकऱ्यांच्या यादीबरोबर सिमकार्डावर दुसरी एक यादी असते, वर्ज्य जाळ्यांची. फोनने एखाद्या परक्या जाळ्याचे दार ठोठावले आणि आतून उत्तर आले, 'तुझ्या घरच्यांशी आमचा करार नाही', की फोन त्या जाळ्याचा आकडा या यादीत लिहून ठेवतो. यानंतर तो आपणहून त्या दाराशी जात नाही, लहर कितीही जोरदार असो. ही यादी मुळात चारच नावांची. पाचवे आले की सर्वांत जुने गळून पडते. ती कार्डावर लिहिलेली असल्यामुळे फोन बंद करून चालू केला तरी पुसली जात नाही. दुसऱ्या एका तऱ्हेचा नकार असतो: 'तुला आमच्याकडे मज्जाव नाही, पण या एवढ्या भागात नाही.' तो मात्र फोनच्या तात्पुरत्या स्मरणात राहतो आणि फोन बंद करताच नाहीसा होतो. 'बंद करून चालू करा' हा सार्वत्रिक उपाय कधी रामबाण ठरतो आणि कधी फुकट जातो, त्याचे एक कारण हे आहे.

दादांच्या बाबतीत काय घडले, ते दुकानातल्या मुलाने उलगडून सांगितले. त्यांचे कार्ड बारा वर्षांचे जुने. त्यांच्या कंपनीचा टॉवर आमच्या व्हाळापलीकडे पोचत नव्हता. पोचत होता तो दुसऱ्या कंपनीचा. मागे कधीतरी, दोघींत करार नसताना, दादांच्या फोनने त्या दाराशी जाऊन नकार घेतला असावा. कार्डाने तो टिपून ठेवला. पुढे करार झाला, दार उघडले. पण कार्डाला ते कोण सांगणार? रुसलेला नातेवाईक मांडवाबाहेर उभा राहावा आणि आत त्याचे पान वाढलेले असावे, तसा तो फोन त्या रात्री उभा होता. माणसांना वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला. सिमकार्डाला तो कायदा लागू नाही.

मग या याद्या ताज्या कशा होतात? मानकऱ्यांची यादी कंपनी हवेतून बदलू शकते. आपल्याला न दिसणारा एक संदेश येतो आणि कार्डावरचा मजकूर नवा होतो. जाळ्यावर नाव नोंदवितानाही 'अमुक आकडे आमचेच समज' अशी एक जोडयादी फोनला देता येते. दोन कंपन्या एक झाल्या, म्हणजे अशा गोष्टींची गरज पडते. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, त्या दिवशी कोट्यवधी कार्डांच्या दृष्टीने परके असलेले घर आपले झाले. अर्थात संदेश पोचायला फोन चालू हवा, कुठल्यातरी जाळ्यावर हवा, आणि कार्ड तो संदेश समजण्याजोगे हवे. फार जुने कार्ड इथेच मागे पडते.

यादीचा अंमल याहून कडक असलेला एक प्रकारही होऊन गेला. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉमने जी सीडीएमए पद्धतीची सेवा आणली, त्या पद्धतीच्या फोनना कोणत्या लहरी कोणत्या क्रमाने धुंडाळायच्या, हेच मुळी यादी सांगे. अमेरिकेत व्हेरायझनचे असे फोन वापरणारे लोक प्रवासापूर्वी तारांकित २२८ फिरवून यादी ताजी करून घेत. आपल्याकडे ती पद्धत आता बंद पडली आहे. पण तिने शिकविलेला धडा शिळा झालेला नाही.

किंबहुना तो आता अधिक कामाचा झाला आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने डिजिटल भारत निधीतून उभारलेले टॉवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना खुले करण्याची योजना सुरू केली. असे टॉवर सुमारे २७ हजार. एका डोंगरावर तीन कंपन्यांनी तीन टॉवर उभारण्यापेक्षा एकावर तिघांचे ग्राहक बोलावेत, हा विचार दुर्गम गावांच्या हिताचाच आहे. परंतु दुसऱ्याच्या टॉवरवर बोलायचे म्हणजे पाहुणा होऊन बोलायचे, आणि पाहुणा म्हटला की यादी आली. टॉवर बांधल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. यादी सुधारल्याची बातमी कुणी छापत नाही. गावाला रेंज मात्र दोन्ही झाल्यावरच मिळते.

आता उपायाचे चार शब्द. गावी आल्यावर रेंज गेली, तर फोनच्या मांडणीत जाऊन जाळ्याची आपोआप निवड बंद करावी, शोध घ्यावा आणि दिसणाऱ्या नावांपैकी एकेकावर बोट ठेवून पाहावे. आपण हाताने निवडले की फोन रुसवा सोडून त्या दाराशी पुन्हा जातो, आणि आत घेतले गेले की ते नाव वर्ज्य यादीतून आपोआप निघते. मग निवड पुन्हा आपोआपवर ठेवावी. कार्ड फार जुने असेल तर बदलून घ्यावे. नंबर तोच राहतो. आणि जे नोकरी संपवून कायमचे गावी आले आहेत, त्यांनी क्षेत्रही बदलून घ्यावे. ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता देशात कुठेही हे करता येते.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. 'फक्त आपत्कालीन कॉल' ही अक्षरे दादांनी 'रेंज नाही' अशी वाचली, आणि मीही आयुष्यभर तशीच वाचत आलो होतो. मराठीचा अध्यापक असून मला तीन शब्दांचा अर्थ कळला नव्हता! त्यांचा अर्थ असा, की टॉवर आहे, तो फोनला ऐकू येतो आहे, फक्त नेहमीच्या बोलण्याला मुभा नाही. अशा वेळी ११२ फिरविला तर तो फोन कुणाच्याही टॉवरवरून जातो. करार नसला तरी, वाळीत टाकलेला असला तरी. दादा त्या रात्री काळोखातून धावत सुटले, तेव्हा मदत मागण्याची वाट त्यांच्या खिशातच होती.

हे मी दादांना अजून सांगितलेले नाही. कार्ड बदलून दिले, निवड कशी करायची ते दाखविले. पण ११२ ची गोष्ट ओठांवर येऊन परत जाते. ते हा अंक वाचतीलच, कारण दिवाळी अंक त्यांना लागतोच, डोंबिवलीहून गावी येताना पिशवीत असतोच. म्हणून इथेच लिहितो. दादा, त्या रात्री तुझी चूक नव्हती. ती अक्षरे कशी वाचायची, हे आपल्याला कुणी शिकविलेच नव्हते.

यंदा दिवाळीला काकींच्या घरी चाव्या दिवसाचे पोहे खायला जाऊ, तेव्हा मी त्यांच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत ११२ लिहिणार आहे. वाचकहो, आपल्याही गावच्या घरी एखादी भिंत असेलच.