संगणकातली दिव्यांची पट्टी : आधी पिना मोजा

गेल्या महिन्यात गटाची बैठक झाली, हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि आमच्या गटातल्या एक ताई जाता जाता म्हणाल्या, "मॅडम, पोरगा आता कॉम्प्युटरमध्ये लावायला लाइटची पट्टी मागतोय. कॉम्प्युटरला लाइट कशाला लागतो हो?" सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. कारण तो कॉम्प्युटर गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलेला, आणि आठ हप्ते अजून फिटायचे होते. मुलगा डिप्लोमाला आहे, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून दोन पैसे आणतो आणि उरलेल्या वेळात गेम खेळतो. पट्टी तीन-चारशे रुपयांची, तिच्यासाठी कोणी कर्ज मागत नाही. पण चुकीची पट्टी लावली तर हजारोंचा मदरबोर्ड जाऊ शकतो. म्हणून आजचा विषय हा.

मला हे कळलं ते भाच्यामुळे. मागल्या दिवाळीत त्याने अशीच पट्टी आणली, सोबत एक जोडवायर मिळाली, ती बसली म्हणून बसवली. बटण दाबलं, पट्टी क्षणभर लख्ख पेटली, जळका वास आला आणि संपलं. नशीब, बोर्ड वाचला. दुकानदार म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही." पट्टी पाच व्होल्टची होती आणि जोडली होती बारावर. एवढीच चूक.

आधी ही पट्टी म्हणजे काय ते बघू. कापडी टेपसारखी लवचिक पट्टी, तिच्यावर ओळीने पाच मिलिमीटरचे चौकोनी दिवे. प्रत्येक चौकोनात तीन बारीक कण असतात : लाल, हिरवा, निळा. या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरजीबी म्हणतात. तीन रंग कमीजास्त करून बाकीचे सगळे रंग होतात. गंमत अशी की उजेडाचे रंग रांगोळीसारखे मिसळत नाहीत. लाल आणि हिरवा उजेड एकत्र केला की पिवळा होतो, तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा. यातला निळा सगळ्यांत उशिरा हाती आला. चांगला उजेड देणारा निळा एलईडी १९९० च्या दशकात जपानमध्ये तयार झाला, आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१५ पासून उजाला योजनेत जे नऊ वॉटचे बल्ब आपण घेतले, त्यांच्या पोटात हाच निळा दिवा आहे. वर पिवळ्या भुकटीचा थर असतो, म्हणून तो आपल्याला पांढरा दिसतो.

आता मुद्द्याचं. संगणकात लावायच्या पट्ट्या दोन जातींच्या. एक बारा व्होल्टची, तिच्या टोकाला चार पिनांची जोडणी असते. दुसरी पाच व्होल्टची, तिला तीनच पिना, पण चौथीची जागा मोकळी ठेवलेली. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. दुकानात पहिलीला नुसतं आरजीबी म्हणतात आणि दुसरीला एआरजीबी. एका 'ए'चा फरक.

बारा व्होल्टच्या पट्टीत सगळे दिवे एकाच हुकमाने चालतात. लाल म्हटलं की सगळी पट्टी लाल. एका बटणावर गल्लीतले सगळे दिवे लागावेत तसं. पाच व्होल्टच्या पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात एक इवलीशी चिप असते, म्हणून प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो आणि रंग पळताना दिसतात. हे कसं होतं? पंगतीत परात फिरते ना, तसं. पहिलीने आपल्या वाट्याचं घ्यायचं, उरलेली परात पुढे सरकवायची. पहिला दिवा संदेशातला आपला रंग उचलतो आणि बाकीचा संदेश पुढच्याला देतो. त्यामुळे मधली एक जण पंगतीतून उठली की पुढच्या सगळ्या उपाशी. एक दिवा गेला की त्याच्या पुढचे बहुतेक वेळा बंद पडतात. परात कुठून कुठे जायची हेही ठरलेलं असतं. पट्टीवर बारीक बाण असतो, उलट्या टोकाने जोडली तर दिवे संदेश पाळत नाहीत.

तर पट्टी घ्यायच्या आधी काय करायचं? संगणक बंद करायचा, भिंतीतली पिन काढायची आणि कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडायचं. भिऊ नका, दोन स्क्रू असतात. आतल्या मोठ्या हिरव्या किंवा काळ्या पाटीला मदरबोर्ड म्हणतात. तिच्या कडेला चार पिना ओळीने आहेत की तीन पिना आणि एक खाच, ते पाहायचं. शेजारी १२ व्ही किंवा ५ व्ही असं छापलेलं असतं. अक्षरं तिळाएवढी असतात, म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा आणि तोच फोटो दुकानात घेऊन जा. पाचची पट्टी बारावर लावली की दिवे जळतात. बसत नसेल तर दाबून बसवायची नाही, आणि "ही जोडवायर लावा, चालतं सगळं" या बोलण्यावर तर मुळीच जायचं नाही.

जुन्या संगणकात अशा पिना नसतातच. तिथे एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मोकळ्या वायरीवर चालणारी आणि छोट्या रिमोटची पट्टी मिळते. यूएसबीवर चालणारीही मिळते, पण जुन्या यूएसबीची ताकद अर्धा अँपिअर. अगदी छोटी पट्टी ठीक, लांब नको.

लांबीचा हिशेब शिवणकाम करणारीला लगेच कळेल. झाकणाच्या काचेआड जी कड दिसते तीच टेपने मोजा. नेहमीच्या कॅबिनेटला अर्धा मीटर पुरतो. दुकानदार एक मीटरची दाखवतो, "कापून घ्या" म्हणतो. कापता येते, पण तांब्याच्या ठिपक्यांवर कात्रीची खूण असते तिथेच. बारा व्होल्टची पट्टी बहुधा दर तीन दिव्यांनी कापता येते, पाचची दर दिव्याला. लांबी जास्त झाल्याचा खरा तोटा वेगळाच आहे. पाच व्होल्टच्या पट्टीवर मीटरला साठ दिवे असतील आणि सगळे पांढरे पूर्ण पेटले, तर दर दिव्याला सुमारे साठ मिलिअँपिअर धरून ३.६ अँपिअर होतात. बोर्डाची ती पिन साधारण तीनच अँपिअर देते. म्हणजे एक मीटरही जास्त झाली. अर्ध्या मीटरला १.८ लागतात, ते आरामात. पोरं पट्टीला पट्टी जोडत जातात, तिथे ही बेरीज त्यांच्याकडून करून घ्या.

पैसे देण्याआधी दुकानातच पेटवून बघा. लाल, हिरवा, निळा एकेक करून, मग पांढरा. पांढऱ्याला दुसऱ्या टोकाचे दिवे पिवळट किंवा लालसर दिसले तर आतलं तांबं बारीक आहे असं समजा. बिल घ्या, त्यावर व्होल्ट लिहून घ्या.

चिकटवताना पाठीमागचा गोंद आपल्याकडच्या धुळीत आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात सुटतो. पट्टी लोंबकळून पंख्यात गेली की पट्टीही जाते आणि पंखाही. जागा स्पिरिटने पुसून, सुकवून मग चिकटवा. चुंबकाच्या पट्ट्या मिळतात, त्या चांगल्या, पण कॅबिनेट लोखंडी असेल तरच. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं की कळतं. पंख्याच्या आणि एसएमपीएसच्या जाळीवर काहीही लावायचं नाही. वरून सिलिकॉनचं आवरण असलेली पट्टी गणपतीच्या मांडवाला, पावसापाण्यात बरी. कॅबिनेटमध्ये साधीच घ्या, आत पाणी कुठून येणार? आणि दिवे सरळ डोळ्यांत येतील अशी नको, आतल्या कडेला वळवून लावा, म्हणजे दिवा न दिसता नुसता उजेड दिसतो.

विजेचं बरंच विचारतात. दहा वॉटची पट्टी रोज पाच तास चालली तर महिन्याला दीड युनिट. वीज खातं ते गेमचं ग्राफिक्स कार्ड. ते दोनशे वॉटचं असेल तर तेवढ्याच वेळात तीस युनिट. बिल वाढलं तर पट्टीला बोल लावू नका.

आता माझं मत. आपल्या ओझरच्या डोक्यावरून एचएएलची विमानं जातात. त्यांच्या पंखांवर दिवे असतात, वैमानिकाच्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. त्यावरून दुसऱ्याला कळतं की विमान येतंय की जातंय. तो दिवा कामाचा. संगणकातल्या पट्टीने संगणक पळत नाही, गेम सुधारत नाही, ती नुसती हौस आहे. हौसेला माझी ना नाही, आपण गौरीपुढे आरास करतोच की. पण आमच्या गावठाणातल्या कितीतरी जुन्या घरांत अर्थिंग नावालाच आहे, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. तिथे पहिला खर्च वायरमनचा. मग यूपीएसचा, कारण लाइट गेली की केलेलं एडिटिंग जातं. त्यानंतर पट्टी.

आमच्या ताईंच्या घरी अर्थिंग होतं, यूपीएसही होता. त्या मुलाबरोबर स्वतः नाशिकला गेल्या, मोबाइलमध्ये फोटो घेऊन. दुकानदाराने चार पिनांची पट्टी समोर ठेवली. ताईंनी फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडं तीन आहेत, मधी फट आहे." त्याने दुसरा डबा काढला.

पट्टी लागली, छान दिसते. चार दिवसांनी ताईंचा फोन : "मॅडम, कॉम्प्युटर बंद केला तरी रात्रभर लाइट चालूच!" तसं काही बोर्डांवर होतं. संगणक बंद असला तरी भिंतीतलं बटण चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते. बोर्डाच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, मुलाने केलंही. ताई मात्र आता झोपण्याआधी भिंतीतलंच बटण बंद करतात.