दादा कोंडके आणि सोंगाड्याची परंपरा

दादा कोंडके यांचे नाव निघाले की सुशिक्षित घरांतून अजूनही थोडी कुजबुज होते. त्यांचे बोलपट पाहिलेले नाहीत असे सांगणारे पुष्कळ; परंतु त्यांतील गाणी मात्र त्यांना पाठ असतात! हा संकोच क्षणभर बाजूस ठेवून या नटाच्या विनोदाचे मूळ कोठे आहे हे पाहिले, तर ते सिनेमात नसून तमाशाच्या फडात सापडते.

गण, गौळण, बतावणी आणि वग हे तमाशाचे ठरलेले टप्पे होत. सोंगाड्याचे खरे राज्य चालते ते गौळणीत व बतावणीत. संस्कृत नाटकातील विदूषक राजाचा मित्र असतो, आणि त्याचे भाषण कवीने लिहून दिलेले असते. सोंगाड्याला असा आधार नाही. त्याच्या हाती कथेचा एक धागा असतो. बाकी सारे समोर बसलेली मंडळी पाहून, गावातील ताज्या घडामोडी हेरून, आयत्या वेळी रचावयाचे. बोलावयाचे ते दुहेरी अर्थाचे, आणि चेहरा मात्र निरागस ठेवावयाचा. दुसरा अर्थ तो स्वतः उच्चारीतच नाही. तो श्रोत्याच्या मनात पुरा होतो, व हसणाराच आपोआप आरोपी ठरतो. हाच श्लेष पंडितकवींनी योजिला म्हणजे तो अलंकार, आणि सोंगाड्याने योजिला म्हणजे चावटपणा, असा भेद आपल्याकडे फार दिवस चालत आला आहे.

दादांचे खरे नाव कृष्णा. त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत, नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत झाला. घराणे मूळचे भोरकडचे. चाळीतले बालपण, बँडपथकातले वादन, ‘अपना बाजार’मधली बेताच्या पगाराची नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, ही त्यांची शाळा. सेवा दलाच्या मंडळींत निळू फुले व राम नगरकर हेही होते. म्हणजे ज्यांच्यावर पुढे ग्राम्यतेचा ठपका आला, त्यांच्या कलेचे प्राथमिक शिक्षण समाजप्रबोधनाच्या मांडवात झाले; ही गोष्ट टीकाकार सहसा सांगत नाहीत.

वसंत सबनीस यांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला होता. तोच ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने १९६५ च्या सुमारास दादांनी रंगभूमीवर आणला, आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. सबनिसांची संहिता नेटकी व मार्मिक. परंतु दादा तिच्यात रोज नवी भर घालीत. सकाळच्या वर्तमानपत्रातील मंत्र्याचे भाषण रात्रीच्या वगात विनोदाचा विषय होई. ज्या शहरी प्रेक्षकाने तमाशाच्या तंबूत कधी पाऊल टाकले नसते, तो या निमित्ताने नाट्यगृहात बसून सोंगाड्यास हसू लागला.

आशा भोसले यांनी हा प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे त्यांची शिफारस केली, आणि ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटात दादा प्रथम पडद्यावर आले. त्यानंतर त्यांनी स्वतः निर्मिती केली ती ‘सोंगाड्या’ची (१९७१). कथा सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. तमाशाच्या नादाने घरास मुकलेला भोळा नाम्या आणि त्याची करारी आई हे त्यातले मुख्य सूत्र. आईच्या भूमिकेत रत्नमाला व नायिका उषा चव्हाण. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हा चित्रपट लागण्याच्या वेळी अडथळा आला, तेव्हा शिवसेनेने दादांची बाजू घेतली व चित्रपट लागला, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

येथे एका इंग्रज नटाची आठवण होते. लंडनमध्ये १८८९ साली जन्मलेला चार्ली चॅप्लिनही दारिद्र्यातूनच वर आला, आणि नाट्यगृहांतील हलक्याफुलक्या खेळांत तयार होऊन पुढे अमेरिकेत चित्रपटांकडे वळला. १९१४ साली त्याने ढगळ विजार, तोकडा कोट, बांबूची काठी असा वेष घेतला, आणि त्या वेषानेच एक मनुष्य निर्माण केला. दादांची ढगळ अर्धी चड्डी व तिची लोंबणारी नाडी यांचे कार्य तेच. मात्र चॅप्लिन मूकपटाचा नट, त्याला शब्द नको होते; दादांचे सारे बळ शब्दांत. त्यामुळे चॅप्लिन जगभर समजला, आणि दादांचा विनोद सांगलीच्या किंवा सोलापूरच्या मनुष्यास जितका कळे तितका परभाषिकास कळणे शक्य नव्हते. बालाघाटाच्या कुशीतील येडशीसारख्या गावच्या शेतकऱ्याला नाम्या परका वाटण्याचे कारणच नव्हते. असा एक भाबडा गडी प्रत्येक आळीत असतो.

‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ असे एकामागून एक चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले. लागोपाठ नऊ चित्रपटांच्या या यशाची नोंद गिनीज बुकात झाली. ‘पांडू हवालदार’ (१९७५) हा त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्यात अशोक सराफ यांना मोठी संधी मिळाली, आणि राम-लक्ष्मण ही संगीतकारांची जोडीही दादांनीच पुढे आणली.

उत्तरकाळातील चित्रपटांचा दर्जा मात्र उतरला, हे मान्य केले पाहिजे. याचे कारण रुचीचा भ्रष्टपणा एवढेच सांगून भागणार नाही. फडातील सोंगाडी समोरचे चेहरे पाहून बोलतो. पुढे बायकामुले बसली असली तर तो शब्द आवरतो, मंडळी रंगली तर सोडतो. कॅमेऱ्यास चेहरा नसतो. तेथे एकदा उच्चारलेले वाक्य शंभर गावी तसेच वाजते. प्रेक्षकाने अर्धा अर्थ आपण भरावा ही जी सोंगाड्याची खुबी, ती हळूहळू नाहीशी झाली, आणि अर्थ नावापासूनच उघडा पडू लागला. १९८४ नंतरच्या हिंदी चित्रपटांची शीर्षकेच याची साक्ष देतात. सेन्सॉर मंडळाशी झालेल्या खटक्यांमुळे तर प्रेक्षकांचे कुतूहल अधिकच वाढे.

‘वाजवू का?’ हा चित्रपट १९९६ साली आला. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत हृदयविकाराने दादांचे निधन झाले. अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘एकटा जीव’ असे आहे. ते वाचल्यावर, पडद्यावर मोठ्याने हसविणाऱ्या या मनुष्याचे घरगुती आयुष्य किती एकाकी होते हे कळते.