सुरी गळ्यात, गळ्यावर नव्हे

आपल्या भाषेत 'गळा' आणि 'सुरी' हे दोन शब्द शेजारी आले की काहीतरी अशुभ घडलेच म्हणून समजावे. सावकार मानेवर सुरी ठेवतो, विश्वासू मित्र केसाने गळा कापतो. मात्र जगात अशीही माणसे आहेत की जी लहानशी सुरी आपण होऊन गळ्यात घालतात आणि ताइतासारखी ती दिवसभर वागवतात. ती अंगाला बोचत कशी नाही, आणि मुळात ती गळ्यातच कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके किरकोळ नाही.

अंगावर वस्तू बाळगण्याच्या जागा माणसाजवळ मोजक्याच आहेत : कमर, खांदा, खिसा आणि गळा. जड वस्तू कमरेला जाते. कोकणात माडावर चढणारा माणूस कमरेला लाकडी आकडा बांधतो व त्यात कोयता अडकवतो. तोच कोयता त्याने गळ्यात अडकविला तर माडाऐवजी मानच मोडायची! उलट, हलकी परंतु क्षणोक्षणी लागणारी वस्तू गळ्यात जाते. शिंप्याची टेप, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, क्रीडाशिक्षकांची शिट्टी ही उदाहरणे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. तात्पर्य, गळा ही वजनाची जागा नव्हे, ती हाताशी असण्याची जागा आहे.

शिडाच्या जहाजांवरील खलाशांनी हे मर्म चांगले ओळखले होते. डोलकाठीवर चढून शीड सोडायचे, अडकलेला दोर कापायचा, आणि हे सारे डोलत्या जहाजावर, एका हाताने आधार धरून करायचे. अशा वेळी सुरी हातातून निसटली तर ती समुद्रात जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या डोक्यावर पडेल. म्हणून सुरीला दोरी बांधायची आणि ती दोरी गळ्यात किंवा कमरेभोवती अडकवायची, अशी वहिवाट पडली. खलाशांच्या पुष्कळशा सुऱ्यांचे टोक मुद्दाम बोथट असे. दोर कापायला धार लागते, टोक लागत नाही. आणि जहाज हेलकावले तर टोक कोणाच्या अंगात शिरेल याचा नेम नसतो. म्हणजे दोरी आणि बोथट टोक या दोन्ही युक्त्यांत स्वतःच्या सोयीइतकीच शेजाऱ्याचीही काळजी होती. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सुरीला म्यान आणि दोरी ही कल्पना मात्र खलाशांच्याही फार आधीची. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे गोठलेले शव सापडले. ते 'ओत्झी' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याची, लाकडी मुठीची, जेमतेम १३ सेंटीमीटर लांबीची सुरी होती. तिला झाडाच्या सालीच्या तंतूंचे विणलेले म्यान होते आणि मुठीला दोरीचा तुकडा बांधलेला होता. धार झाकून ठेवावी आणि सुरी हरवू नये, या दोन गोष्टी माणसाला धातूचे पाते हाती रुळण्यापूर्वीच कळल्या होत्या!

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. गळ्यातल्या सुरीचे पाते साधारणपणे पाच ते सात सेंटीमीटरच असते, आणि म्यानासह तिचे सारे वजन शंभर ग्रॅमच्या आत असलेले बरे. शंभर ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तेवढेच वजन बारीक सुतळीवर दिवसभर पेलले की संध्याकाळी मानेवर लाल वळ उठतो. याचे कारण शाळेतच शिकलेले आहे : वजन तेच, पण टेकण्याची जागा जितकी कमी तितका दाब अधिक. म्हणून दोरी बारीक व गोल नसावी, चपटी व मऊ असावी. दोरीची लांबीही महत्त्वाची असते. सुरी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी यावी. फार आखूड दोरी असेल तर पाते उपसताना हात गळ्याजवळ येतो. फार लांब असेल तर वाकताना सुरी पुढे लोंबते आणि चालताना पोटावर आपटते.

म्यान हा या साऱ्या प्रकाराचा आत्माच होय. पुष्कळदा सुरी उलटी टांगतात, म्हणजे मूठ खाली आणि टोक वर. हे ऐकून अंगावर काटा येईल. पण हेतू असा की पाते खालच्या दिशेने, गळ्यापासून दूर उपसले जावे. अर्थात त्यासाठी म्यानाची पकड इतकी घट्ट हवी की उडी मारली तरी सुरी सुटू नये, आणि म्यानाचे बूड इतके भक्कम हवे की पडलो-झडलो तरी टोक बाहेर येऊ नये. जुनी म्याने चामड्याची असत. चामडे घाम शोषते, ओलसर राहते आणि साध्या पोलादाला गंज चढवते. म्हणून अलीकडे उष्णता देऊन साच्यात बसविलेल्या कडक प्लास्टिकची म्याने निघाली आहेत, आणि पात्यासाठी निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद वापरतात. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा फरक दोन दिवसांत कळून येतो.

शेवटची गोष्ट म्हणजे दोरी तुटली पाहिजे! हे विधान विपरीत वाटेल. परंतु ती झाडाच्या फांदीत, धावत्या यंत्रात वा बसच्या दांडीत अडकली आणि तुटली नाही, तर ती फासच ठरते. यासाठी झटका बसताच सुटणारी कडी किंवा बारीक मण्यांची साखळी वापरतात. आणि झोपताना ती गळ्यातून काढून ठेवणे हे तर ओघानेच आले.

येथवर अंगाच्या सोयीचा विचार झाला. पण सुरी गळ्यात घालणारे सगळेच काही ती कापण्यासाठी घालीत नाहीत. १६९९ साली आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथाची स्थापना केली. अमृत घेतलेल्या शिखाने धारण करावयाच्या पाच 'क'कारांपैकी कृपाण हा एक. ज्या गुरूंचे अखेरचे दिवस आमच्या नांदेड येथे गेले, त्यांचीच ही आज्ञा आहे. रूढ पद्धतीने कृपाण 'गात्रा' नावाच्या पट्ट्याने खांद्यावरून कमरेशी लटकवतात. मात्र काही जण लहानशी कृपाण गळ्यात घालतात. 'कृपा' आणि 'आन' म्हणजे अब्रू, या दोन शब्दांवरून तिचे नाव आले, असे शीख बांधव सांगतात. आमच्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे की, कृपाण धारण करणे हा शीख धर्म आचरण्याचा भाग मानला जाईल.

असे असले तरी समोरच्या माणसाच्या मनातील भीतीचे काय? हा प्रश्न कॅनडात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली मॉन्ट्रिअल येथील एका शाळेच्या पटांगणात एका शीख विद्यार्थ्याची कृपाण खाली पडली आणि वाद पेटला. न्यायालयाने २००६ साली संपूर्ण बंदी अमान्य केली. मात्र कृपाण कपड्यांच्या आत असावी, म्यान लाकडी असावे, ते जाड कापडात गुंडाळून शिवलेले असावे व पट्ट्यालाही शिवून टाकलेले असावे, अशा अटी कायम राहिल्या. आपल्याकडेही २०२२ मध्ये देशांतर्गत विमानप्रवासात शीख प्रवाशांना कृपाणीची अनुमती देताना पाते सहा इंचांपर्यंत व एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत, अशी मर्यादा घातली गेली. या अटी नीट पाहिल्या तर त्या खलाशाच्या बोथट टोकाच्याच भावंडे आहेत. श्रद्धा माझी, पण शेजारी निर्धास्त, असा हा समझोता आहे.

आता एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे अवश्य आहे. संरक्षणासाठी पर्समध्ये वा गळ्यात सुरी बाळगावी, असा सल्ला विद्यार्थिनींना अधूनमधून दिला जातो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तो तपासून पाहिला पाहिजे. गळ्यात दोरी असणे म्हणजे हल्लेखोराच्या हाती आपणच दोर देणे होय. ज्या हाताला सवय नाही त्या हातातली सुरी हिसकावली जाण्याचाच संभव अधिक. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ व्या कलमान्वये मनाई आदेश असेल, तेव्हा सार्वजनिक जागी सुरी बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो. भीती ज्या रस्त्यावर वाटते तो रस्ता उजेडाचा व वर्दळीचा व्हावा, ही मागणी करणे आपल्या सर्वांचे काम आहे. ते मुलींच्या गळ्यात बांधून मोकळे होता येणार नाही.

आपल्याकडे लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू टोचतात. दृष्ट लागू नये म्हणून ही रीत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. पण मांडवातल्या गर्दीत, पोराबाळांच्या धावपळीत, त्या लिंबाने टोकही झाकले जाते हे खरेच. गळ्यातली सुरी बोचू नये म्हणून मऊ दोरी, घट्ट म्यान, हलके पाते या साऱ्या युक्त्या योग्यच आहेत. परंतु त्या धारण करणाऱ्यापुरत्या झाल्या. जी सुरी शेजाऱ्याच्याही मनाला बोचत नाही, तीच खरी सोयीची.